मुंबईचे बूट

तुळसाचा बा गेला त्याच्या पाचव्या दिवशी वकीलसाहेब त्याच्या चपला-बुटांच्या दुकानाच्या पायरीपर्यंत आले. त्यांचा आखूड पाय सोलापुराला कळू नये म्हणून बा वीस वर्षं त्यांच्या घरी मागच्या दाराने जाऊन माप घ्यायचा, जाड तळाचा बूट शिवायचा आणि साहेब तो मुंबईच्या गोऱ्या कारागिराचा म्हणून मिरवायचे. "वाईट झालं," ते हळूच तुळसाला म्हणाले, "माझ्या पायाचा लाकडी साचा तेवढा दे. आता खरंच मुंबईला पाठवावा लागेल." बाने दरवर्षी मापाबरहुकूम कातडं चिकटवून सुधारलेला साचा तिच्या पाठीमागेच टांगलेला होता. तुळसाने टांग्यात थांबलेल्या त्यांच्या मित्रांना ऐकू जाईल असा आवाज चढवला. "तुमचा साचा हितं कसा असंल, साहेब? तुमचं बूट मुंबईहून येत्यात की!" मित्र बघत होते. "मुंबईहूनच," म्हणत साहेब वळले. झिजलेल्या बुटातला पाय आताच लंगडत होता.