लाल पट्टी

सोमवारपासून ऑफिस अठरा किलोमीटर लांब जाणार होतं, म्हणून बाबांची रेसिंग सायकल मी माझ्या मापाची करायला घेतली. सीट उतरवायला गेले, तर दांडा तसूभर खाली जाईना. स्वतःच्या उंचीची खूण म्हणून त्यांनी दांड्याला लाल चिकटपट्टी गुंडाळली होती. ती नळीत शिरत नव्हती. गुडघ्यांपायी डॉक्टरांनी सायकल कायमची बंद केल्यापासून बाबा काठी टेकत येरझाऱ्या घालायचे. आत्ताही टकटक चालूच होती. “पट्टी काढावी लागेल, बाबा.” “चार बोटांचा तर फरक. चवड्यांवर चालव.” “रोज जाऊन-येऊन छत्तीस किलोमीटर?” टकटक थांबली. ते कसेबसे स्टुलावर टेकले, नखाने पट्टीचं टोक उकललं आणि न फाडता अख्खी सोडवली. सीट सरकन खाली आली. पट्टी टाकायला मी हात पुढे केला. त्यांनी ती काठीला गुंडाळली. “परत लावताना शोधाशोध नको.”