व्हिसाचा फोटो

"हसायचं नाय हां भाभी. व्हिसाच्या फोटोत दात दिसले की परत पाठवतात," बाळा फोटोवाला म्हणाला.

"त्याची काळजी नको," मैमुना म्हणाली.

ती पांढऱ्या पडद्यासमोर स्टुलावर ताठ बसली होती. तिचा नवरा मन्सूर दाराला टेकून दक्षिण फ्रान्स सांगत होता. जन्मभर बोटीवर इंजिनिअर. गेल्या वर्षी कायमचा घरी आला आणि रत्नागिरीतल्या निम्म्या दुकानदारांना मार्सेय बंदर तोंडपाठ झालं.

"बंदराच्या तोंडावरच किल्ला बघ, आपल्या जयगडसारखा. पण ठेवलाय कसा! बाजूला मासळीबाजार. मासळीचं सूप करतात, केशर घालून. वर डोंगराकडे गेलास की जांभळ्या फुलांची शेतंच शेतं. आणि ऊन असं बाळा, की बसून राहावं."

"मजा आहे भाभींची."

"मग! जन्मभर घरात राहिली बिचारी. दाखवायला नको तिला?"

मैमुनानं मान वळवली. फोटो हलला.

"राहिली नाय, ठेवलात," ती म्हणाली. "कंपनी बायकांना बोटीवर नेत होती, तवा मी बॅग भरलेली. तुमीच बोललात, माझी अम्मा एकटी पडेल, घरात कोणतरी हवं. भरलेली बॅग मी परत कपाटात रिकामी केली."

मन्सूर कसनुसा हसला. "दुकानात कशाला हे? आता नेतोय ना तुला."

"फ्रान्स सांगताव ना दुकानात? मग हे पण सांगा."

बाळानं घाईघाईनं बटण दाबलं. फोटो व्हिसाला हवा तसा आला. त्या चेहऱ्यावर हसू शोधूनही सापडलं नसतं.

"चला मन्सूरभाई, आता तुम्ही बसा."

मन्सूर केसांवरून हात फिरवत पुढे आला. मैमुना स्टुलावरून हलली नाही.

"त्यांचा नको," ती बाळाला म्हणाली. "माझी भाची येतेय माझ्यासोबत, आफरीन. तिचं-माझं ठरलंय."

मन्सूरचा हात डोक्यावरच राहिला. "डोकं फिरलंय काय तुझं? अम्मा अंथरुणातून उठत नाही. तिचं कोण करणार?"

"आपण दोघं गेलो असतो, तर कोण करणार होतं?"

"बाई ठेवणार होतो मी. बोललोय एकीशी."

"बाई ठेवून जाता येतं," मैमुना म्हणाली, "हे तवा नाय सुचलं तुमाला."

बाळानं मान खाली घालून फोटो छापले आणि पाकिटात भरले. मैमुना उठली, ओढणी सारखी केली आणि फोटोंचं पाकीट पर्समध्ये घातलं.

"बाईबिई काय नको. घरचं माणूस हाय ना आता घरात," ती म्हणाली. "अम्माची कूस रात्रभर उठून बदलावी लागते, नायतर पाठ सोलते. आज तुमी बदला. मी बसून बघते, जमतंय काय ते."