डावा खांदा

“तिथं दोनच दिवस आहेत, बाबा. आधी विमानतळ, मग मेट्रो, मग लॉज. ऐकताय ना?”

मुलगी मोबाइलवरचा नकाशा बोटांनी मोठा करून दाखवत होती. शिंपी मशीनच्या स्टुलावर बसून मान डोलवत होता, पण त्याच्या डोक्यात काही शिरत नव्हतं, हे तिला दिसत होतं. बाहेर चांगलं उजाडलं होतं, तरी आज दुकान उघडलं नव्हतं.

विमान त्यानं आजवर आभाळातच पाहिलेलं. आणि आता एकदम समुद्रापलीकडचं ते अवाढव्य शहर. तिथं म्हणे जमिनीच्या पोटातून गाड्या धावतात आणि पाटीवरचं एक अक्षर आपल्याला लागत नाही. जाण्याचा बेत मात्र जुना होता, तिथं कामाला असलेल्या मुलानंच आखलेला. त्यानं तो फोनवर आपल्या आवाजात भरून पाठवला होता. मुलीनं तोच निरोप पुन्हा लावला, कारण तिथली वाट त्याच्याइतकी नीट दुसरं कोणी सांगणार नव्हतं.

“बाबा, पहिल्याच खेपेला सगळं शहर बघायची हाव धरू नका, दमाल. एक दिवस नदीवरची बोट, एक दिवस तो उंच मनोरा, बास. आईला म्हणावं, जुन्या चपलाच घालून ये, नव्या चावतील. आणि स्टेशनात चुकलात तर जागचे हलू नका. मी येतो शोधत.”

“बंद कर ते,” आतून आईचा आवाज आला.

मुलीनं बंद केलं. मुलगा काम करायचा त्या गोदामाचं छत गेल्या आठवड्यात कोसळलं होतं. ढिगाऱ्यातून काढलेल्या मृतदेहांपैकी एकाची ओळख पटत नव्हती आणि हा बेपत्ता होता. त्याच्यासारखे आणखीही काही बेपत्ता होते. चेहरा ओळखण्यासारखा राहिलेला नाही, रक्ताच्या तपासणीला वेळ लागेल, तोवर घरच्या कुणीतरी येऊन बघावं, असा कंपनीचा निरोप होता. तिकीट एकाचंच होतं.

“कंपनीच्या त्या साहेबांचा परत फोन आला होता,” मुलगी हळूच म्हणाली. “दादाच्या अंगावर काही खूण आहे का, विचारत होते. तीळ, व्रण, काहीही.”

आई बाहेर आली. “काही खूण नाही म्हणावं. माझ्या लेकाच्या अंगावर साधा तीळ नाही.”

शिंप्यानं मशीनच्या सुईतला दोरा ओढून काढला आणि पुन्हा ओवायला घेतला. मुलगा परदेशी गेल्यापासून त्यांनी त्याला फोनवरच पाहिलं होतं, आणि फोनवर दिसायचा तो फक्त चेहरा. तो अंगानं भरला की वाळला, काही कळायला मार्ग नव्हता. इतकी वर्षं जेवढं डोळे भरून पाहिलं, नेमकं तेवढंच आता उरलं नव्हतं.

पण खांदा बदलत नाही. लहानपणी पोरगं कापड बेतायच्या टेबलावरून पडलं होतं आणि हाड वाकडं जुळलं होतं. डावा खांदा अर्धा इंच खाली. बापानं त्याच्या प्रत्येक सदऱ्यात डाव्या बाजूला आतून एक जास्तीचा पदर घातला, त्यामुळे ते कधी कुणाच्या लक्षातच आलं नाही. ठाऊक होतं ते शिवणाऱ्याला, आणि काजं-बटणं करणाऱ्या त्याच्या बायकोला.

आणि शिंप्याची नजर म्हणजे काय! माणूस दारात उभा राहिला की त्याचं माप होऊन जायचं. टेप लावायची ती गिऱ्हाइकाच्या समाधानासाठी. जावई पहिल्यांदा घरी आला, तेव्हा “कसा वाटला?” असं बायकोनं विचारलं, तर हा म्हणाला, “छाती अडतीस.” घरच्यांना ते हसायला वर्षभर पुरलं होतं.

बायकोनं त्याची पिशवी पुन्हा एकदा तपासायला घेतली. कपड्यांच्या तळाशी तिच्या हाताला गुंडाळलेली टेप लागली.

“ही कशाला?”

“सवयीनं टाकली असेल.”

“अहो, माझ्याकडे बघून सांगा.”

त्याला बघवेना. तिनं टेप मुठीत घट्ट धरली.

“हे बघा. तिथं ते कुणाला का दाखवेनात, हा आमचा नाही म्हणायचं आणि माघारी फिरायचं. तो कुठंतरी अडकलाय. तुम्ही हो म्हणालात, की सगळे शोधायचं थांबतील.”

“आई, पण तो दादाच असला तर? तसाच बेवारशी पडून राहील,” मुलगी म्हणाली.

“तू मध्ये पडू नकोस.” आणि मग नवऱ्याकडे वळून ती म्हणाली, “खांदा बघायचा नाही. माझी शपथ आहे तुम्हाला.”

“नाही बघत,” शिंपी म्हणाला.

तो मनापासून बोलला होता. तिलाही ते पटलं असावं. तिनं टेप भिंतीवरच्या खिळ्याला अडकवली, पदरानं तोंड पुसलं आणि पिशवीची चेन लावून दिली.

बाहेर हॉर्न वाजला. टॅक्सीवाला दारात येऊन उभा राहिला. नवखा होता, त्याला आधी कधी पाहिलेलं नव्हतं.

“चला काका, उशीर होतोय. एकच पिशवी ना?”

शिंपी उठता उठता जागीच थबकला.

छाती चाळीस. कंबर छत्तीस. उजवा खांदा पाव इंच खाली.

त्यानं मान खाली घातली आणि टॅक्सीवाल्याच्या फक्त पायांकडे बघत तो त्याच्यामागून निघाला.