एकशे बारावं पान

"हे नाव कुणी छापलं?"

सासूनं, झिबाश अपांनी, पुस्तक सुनेपुढे धरलं. एकशे बारावं पान. बोट एका नावावर.

"मीच, अपा," मक्पाल म्हणाली.

"सुनेनं सासऱ्याचं नाव छापायचं? आणि आज दुपारी ते गावभर वाटायचं?"

मक्पालचा चेहरा उतरला. अख्ख्या कादंबरीत सासरे 'पांढऱ्या घोड्यावरचे' होते. अपा त्यांना तसंच म्हणत. नवऱ्याचं नाव अपांनी स्वतःही कधी घेतलं नव्हतं. मक्पाल लग्न होऊन आली त्याआधीच ते गेले होते. तीन वर्षं, लेक झोपली की, दूध उतू जायच्या आत, अपांनी सांगितलेलं ती उतरवत आली होती. हे एक वाक्य तेवढं लेकीला पाजताना, एका हाताने फोनवर लिहिलेलं. त्यात नाव निसटलं. चूक दाखवणारं होतं कोण? लिहिणारी ती, तपासणारी ती, छापून आणणारीही तीच.

"तुम्हा आजकालच्या पोरींना लिहायला जीभ लागत नाही वाटतं," अपा म्हणाल्या. "मी नाही येत सभागृहात प्रकाशनाला. पाहुण्यांसाठी बाऊरसाकचे गोळे तळून ठेवलेत, ते घेऊन जा."

अपाच नसतील तर ते पुस्तक कुणापुढे उघडायचं?  मक्पालनं पुस्तकांचं खोकं ओढलं, काळं पेन घेतलं आणि एकेका प्रतीतलं नाव खोडू लागली. दोनशे प्रती होत्या. अकराव्या प्रतीला रेघ वाकडी गेली, शेजारचा शब्दही बुडाला. तिनं डोळे पुसले आणि बारावी घेतली.

अपा बघत होत्या. "एवढं काय लिहिलंयस त्यांच्याबद्दल? वाच बघू."

"मी कशी वाचू, अपा? त्यात नाव आहे."

"म्हणजे तुझं पुस्तक तुलाच वाचता येत नाही! धन्य आहे."

चष्मा चढवून अपांनी खोक्यातली एक न खोडलेली प्रत घेतली. मघाशी त्या नावावरच अडकल्या होत्या. आता वाक्य पुरं वाचलं, मनातल्या मनात. 

"चहाच्या वाटीचं मी कधी सांगितलं तुला?"

"आपली बाळी झाली त्या दिवशी. दवाखान्यात."

"हं." अपांनी पान जवळ घेतलं. "ते पेन ठेव खाली."

मग त्या मोठ्यानं वाचू लागल्या, शाळेतल्या मुलीसारख्या, एकेका शब्दावर थांबत. "पहिली वाटी तो आधी तिच्यापुढे सरकवायचा. घोडा बांधून आत येताना दारातूनच हसायचा, हा..."

ओठ दोनदा हलले.

"सेरिम्बेत," अपा म्हणाल्या. जरा मोठ्यानंच, हाक मारावी तसं. आणि डोक्यावरचा रुमाल सावरून दाराकडे बघत राहिल्या.