बिनजाळीचा डाव

"मास्तर, जाळी नोका लावू. आज तरी नोका," सुभद्राबाई काकुळतीला येऊन म्हणाली.

सहदेव मास्तरांनी हसून जाळी ताणली. डोणगावच्या शाळेला नव्या जिल्हा परिषदेकडून टेबल टेनिसचं टेबल मिळालं होतं, आणि दर रविवारी ते सुभद्राबाईच्या लेकीचं, अन्नपूर्णाचं असे. अन्नपूर्णा वीस वर्षांची झाली होती, पण समज लहान पोरीची. चेंडू उडाला की ती डोळे गच्च मिटून घ्यायची. म्हणून मास्तरांनी आधी जाळीच काढून टाकली. टेबलाच्या दोन्ही कडांना पट्ट्या ठोकल्या, पांढरा चेंडू कुंकवानं लाल केला आणि नुसता घरंगळत सोडला. तिची बोटं एकेक करून बॅटवर बसवली. ती चुकली की म्हणायचे, "भेऊ नोको. येते हळूहळू." आता कुठे तिचा चेंडू जाळीवरून जायला लागला होता.

पण आज बाकावर उकंडराव बसले होते. सुभद्राबाईचे थोरले भाऊ, बीबी गावचे, राग सदा नाकावर. सुभद्राबाईला ऑपरेशनसाठी नागपूरला जायचं होतं. नवरा कधीच वारलेला. मागे पोरीला सांभाळायला या भावाखेरीज कोणी नव्हतं. आणि आल्या आल्या भाऊ म्हणाले होते, "पोरगी मले जड नाई, सुभे. पण हिच्यासंगं कसं वागावं, ते मले येत नाई." सुभद्राबाईला त्यातला नकार तेवढा ऐकू आला. पोरीनं आज चारचौघींसारखं काहीतरी करून दाखवलं तर भावाचं मन वळेल, एवढीच आशा होती.

खेळ सुरू झाला. चेंडू गेला, आला, पुन्हा गेला. अन्नपूर्णा चुकली नाही. सुभद्राबाईनं मात्र पदराचा बोळा तोंडाशी धरला होता.

"मास्तर, तुमी बरोब्बर तिच्या बॅटवरच टाकून राह्यले," उकंडराव उठले. "आना इकडं. मी पाह्यतो."

कुऱ्हाडीचा दांडा धरावा तशी त्यांनी बॅट मुठीत आवळली. अन्नपूर्णानं चेंडू टाकला. तो त्यांनी थेट आढ्याला नेऊन भिडवला. पुढचा जाळीत घातला. त्याच्या पुढच्याला तर बॅट लागलीच नाही. मास्तरांनी तोंड खिडकीकडे फिरवलं. उकंडरावांचे कान लाल झाले. त्यांनी बॅट टेबलावर आदळली.

भाऊ हरला की घर डोक्यावर घेतो, हे सुभद्राबाईला लहानपणापासून ठाऊक. झालं, संपलं सगळं! कशाला आणलं मेलं याला इथे?

तेवढ्यात अन्नपूर्णा आपली बॅट ठेवून पुढे आली आणि जाळी ओढायला लागली.

"अन्ने! सोड ते!" सुभद्राबाई ओरडली. पोरीला बिथरायला आजचाच दिवस सापडला होता.

अन्नपूर्णानं ऐकलं नाही. तिनं जाळी सोडवली, घडी घालून बाकावर ठेवली. मग बॅट उचलून मामांच्या हातात दिली. जीभ दातांत धरून तिनं मामांची राठ बोटं एकेक करून बॅटवर बसवली. टेबलाच्या पलीकडे गेली आणि लाल चेंडू अलगद घरंगळत सोडला.

"भेऊ नोका, मामा," ती म्हणाली. "येते हळूहळू."

चेंडू पट्टीला घासत घासत आला. उकंडरावांनी तो हलकेच परत लोटला. त्यांची नजर चेंडूवरून हलली नाही.

"सुभे," ते म्हणाले, "नागपूरले कवा निघाचं हाय तुले?"