तिकडे जाणारं विमान

“तिकडे जाणाऱ्या प्रवाशांनी कृपया...”

“थांबा, थांबा,” काचेपलीकडून साउंडवाला म्हणाला. “पुन्हा तिकडेच झालं, बाई.”

घोषणेच्या बाईंनी हेडफोन जरा सरकवला आणि कोमट पाण्याचा घोट घेतला. सगळा विमानतळ ज्या आवाजावर हलतो, तो या बाईंचा. त्यांनी ‘शेवटची सूचना’ म्हटलं की माणसं हाताला लागलेला साबण तसाच ठेवून धावत सुटतात. एकदा एक गृहस्थ नुसते मेहुण्याला पोचवायला आले होते. ते या आवाजानं असे ओढले गेले, की स्वतःच विमानात जाऊन बसले. खोटं वाटत असेल तर मेहुण्याला विचारा. तो अजून इथेच आहे.

विमान कंपनीनं आपल्या दोन्ही मुख्य विमानतळांवरून परदेशाचे इतके नवे मार्ग काढले होते, की भिंतीवरच्या नकाशात रेघांखाली समुद्र दिसेनासे झाले होते. त्या रेघा ओढणारा अधिकारी, ज्याला सगळे रूटसाहेब म्हणत, साउंडवाल्याच्या खुर्चीमागे उभा होता. सकाळपासूनच्या रेकॉर्डिंगमध्ये बाईंनी एकेक नवं गाव असं उच्चारलं होतं, जणू तिथल्या बाजारात त्या रोज भाजी घेतात. या एकाच गावाशी गाडी अडली होती.

“बाई, तिकडे म्हणजे कुठे?” रूटसाहेब साउंडवाल्याच्या माइकवर वाकून म्हणाला. “माणसानं तिकीट कुठलं काढायचं?”

“सवय हो. आमच्या घरात त्या गावाला तिकडेच म्हणतात.”

“का?”

“मुलगी असते तिकडे.”

“मग तर नाव पाठ असायला हवं.”

“पाठ आहे. तोंडात नाही.” बाईंनी पेला खाली ठेवला. “ती गेली तेव्हापासून बोलणं नाही आमचं. नाव कुणापुढे घेणार?”

साउंडवाला उगाचच एक बटण पुसू लागला. मग बाईंनी नाव घेऊन पाहिलं. ते भलतंच निघालं. रूटसाहेबानं दुरुस्त केलं, तर साउंडवाल्यानं त्यालाच दुरुस्त केलं. तीन तोंडांतून तीन गावं निघाली आणि त्यांतलं एकही नकाशावर नव्हतं.

“राहू द्या,” रूटसाहेब म्हणाला. “एवढं एक गाव मशीनच्या आवाजात घेऊ. कुणाला कळणारही नाही.”

“माझ्या लेकीच्या गावाला मशीन हाक मारणार?”

बाईंनी पर्समधून फोन काढला. नंबर ‘तिकडे’ याच नावानं ठेवलेला होता. बोट त्यावर थोडा वेळ नुसतंच टेकून राहिलं. मग त्यांनी ते दाबलं आणि काचेपलीकडच्यांनाही उच्चार ऐकू यावा म्हणून फोन स्पीकरवर टाकला.

पहिल्याच रिंगला उचलला गेला.

“कोण गेलं?” मुलीचा आवाज आला.

“कुणी गेलं नाही. कामाचा फोन आहे.”

“बाबा?”

“ठणठणीत. टीव्हीवर ओरडत बसलेत. तुझ्या गावाचं नाव कसं म्हणतात, ते सांग.”

पलीकडे काहीच ऐकू येईना. साउंडवाल्यानं सवयीनं आवाजाची पातळी वाढवली.

“हे विचारायला फोन केलास?”

“विमान सुरू होतंय आमचं. थेट.”

मुलीनं नाव सांगितलं. बाईंच्या कपाळाला आठ्या पडल्या.

“मधलं अक्षर कुठे गेलं?”

“ते लिहायचं. म्हणायचं नाही.”

“म्हणायचं नाही, तर लिहायचं कशाला?”

“आई, आपल्या घरात तरी काय वेगळं चालतं?”

रूटसाहेब भिंतीवरचा नकाशा न्याहाळू लागला. रेघा त्यानंच ओढलेल्या, तरी तो त्या पहिल्यांदाच पाहत असल्यासारखा उभा राहिला.

“पुन्हा सांग,” बाई म्हणाल्या.

मुलीनं पुन्हा सांगितलं. बाईंनी म्हणून दाखवलं.

“हे शिंकल्यासारखं झालं.”

“तू मला बोलायला शिकवतेस?”

“तूच फोन केलास. जीभ दाताला लावू नकोस. सैल सोड.”

“माझी जीभ सैल सुटली की काय होतं, ते तुला माहीत आहे.”

“माहीत आहे,” मुलगी म्हणाली, आणि हसली. हसू थोडंसंच होतं, पण ते तारेतून, समुद्राखालून, कुठून कुठून वळसे घेत आलं तरी त्याचा काठ झिजला नव्हता. बाईंनी चष्मा काढून पदरानं पुसला. मग त्या नाव घेत राहिल्या, कधी पुढचं अक्षर जड, कधी मागचं. आणि एकदा ते बरोबर पडलं. तिथेच जन्मलेल्या माणसासारखं.

“हां,” पलीकडून हळूच आलं. “असंच म्हणतात.”

साउंडवाल्यानं बोट वर केलं. लाल दिवा लागला. बाईंनी त्या गावाला जाणाऱ्या प्रवाशांना दाराशी बोलावलं, त्यांच्या हातातल्या पिशव्या, पासपोर्ट, पोरंबाळं सगळं सांभाळून घेतल्यासारखं. एका दमात. लाल दिवा विझला.

“बेस्ट,” रूटसाहेब घड्याळ बघत म्हणाला. “जाणारी सगळी विमानं झाली. येणाऱ्यांच्या घोषणा सोमवारी घेऊ. घ्या, काढा हेडफोन.”

बाईंनी हेडफोन काढला नाही. फोनही ठेवला नाही. खुर्ची माइकजवळ ओढली.

“त्या गावाहून येणाऱ्या विमानाची तेवढी आजच घ्या,” त्या म्हणाल्या. “ती ऐकते आहे.”