काचेखालची पन्हळ

ज्ञानदेवने ग्राइंडर बंद केला, चष्मा कपाळावर सरकवला आणि ट्रकच्या पुढच्या काचेखाली स्क्रूड्रायव्हर टेकवला. जोर लावलाच नव्हता, तरी तो मुठीपर्यंत आत गेला.

"इथंपण?" हिंमतरावांनी विचारलं.

"इथंपण."

चार महिने हेच चाललं होतं. एकोणसत्तर सालची गाडी. हिंमतरावांनी तीस वर्षं तिच्यातून मंडईत भाजी आणली, मग सात वर्षं ती वारज्याच्या मोकळ्या प्लॉटवर उभी राहिली. मुलगी नम्रता हिंजवडीला संगणकाच्या कंपनीत लागली आणि तिनंच हौसेनं हे काम काढलं. बाबांनी पंचाहत्तरीला गाडी स्वतः चालवत मंडईत न्यायची, आईनं शेजारी बसायचं, असं ठरलं. तेव्हापासून हिंमतराव रोज बसनं कर्वेनगरला ज्ञानदेवच्या या शेडमध्ये येत आणि उपड्या डब्यावर बसत. पहिल्या महिन्यात ते इंजिनाच्या गोष्टी सांगायचे. आता नुसते बसायचे. एक गंजका पत्रा कापला की त्याच्यामागे दोन निघत होते. नवी दारं तयार होऊन भिंतीला टेकली होती आणि ती बसवायला चौकट उरली नव्हती.

आज खंडेनवमी. दुपारी हत्यारं पूजेला मांडायची, मग त्यांना हात लावायचा नाही, म्हणून ज्ञानदेवला घाई होती. त्यानं काचेखालचा पत्रा सोलून काढला. खाली पन्हळ होती, काचेवरचं पाणी वाहून जाण्यासाठी केलेली. ती काठोकाठ भरली होती. ज्ञानदेवनं बोटांनी उकरलं तसा चहाच्या चोथ्यासारखा काळा, ओला गाळ बाहेर आला. झेंडूचे देठ. तांदूळ. आपट्याची कुजलेली पानं. एक सुपारी. बघता बघता घमेलं अर्धं भरलं.

सुपारी हिंमतरावांनी ओळखली. उचलून धोतराला पुसली.

"वहिनी दर दसऱ्याला तांब्या इथंच ओततात," ज्ञानदेव म्हणाला. "हार कुणी काढत नाही. तो गळून या पन्हळीत पडतो. पाण्याची वाट बुजली, की पाणी जाणार कुठं? आत मुरलं. सुरुवात इथून झाली, हिंमतराव."

"हार काढायचा नसतो. कुसुमचा नियम आहे. आपोआप गळला, की वर्ष सुखरूप."

"गाडी सोडून सगळ्यांचं."

हिंमतरावांना ते लागलं. "आणि तू? वीस वर्षं दसऱ्याला पुट्टी भरून रंग दिलास. एकदा उघडून बघावंसं नाही वाटलं?"

"तुम्ही अष्टमीला गाडी आणायचात आणि दसऱ्याला सकाळी मागायचात. दोन दिवसांत रंग होतो. इलाज होत नाही."

दोघेही खरं बोलत होते. शेवटी हिंमतरावांनीच विचारलं, "मग आता?"

"वेल्डिंगचा टाका घालायलासुद्धा चांगला पत्रा लागतो. टाका धरणार कशाला? बाहेरून चकाचक करून देतो, दारात उभी करा, फोटो काढा. चालायची नाही ती. चार महिने मीच स्वतःला फसवत होतो."

हिंमतरावांनी मान हलवली. त्यांना रडू येत होतं आणि लोखंडासाठी रडायची लाजही वाटत होती.

तेवढ्यात बाहेर रिक्षा थांबली. हिरवं लुगडं नेसलेल्या कुसुमताई हातात ताम्हन-तांब्या आणि पिशवीत हार घेऊन गुडघा सांभाळत उतरल्या. हिंमतरावांनी घमेलं पायानंच गाडीखाली ढकललं.

"तिला सांगू नकोस," ते हळूच म्हणाले.

"अहो, डबा घरीच विसरलात," कुसुमताई म्हणाल्या. मग ज्ञानदेवकडे वळल्या. "भावजी, कधी निघणार आमची गाडी?"

ज्ञानदेव उभ्या कर्वेनगरात फटकळ म्हणून प्रसिद्ध होता. त्यानं हातातल्या स्क्रूड्रायव्हरकडे पाहिलं. "रंग तेवढा राहिलाय, वहिनी."

"बघा! मी म्हणत होते ना!" त्या हिंमतरावांना म्हणाल्या, आणि कुसुमताईंचा चेहरा असा उजळला, की ज्ञानदेव पाठ फिरवून हत्यारं पुसू लागला.

त्यांनी बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, अक्षता वाहिल्या. मग टाचा उंचावून काचेखाली तांब्या ओतला. पाणी क्षणभर दिसलंच नाही. नंतर गाडीच्या पोटातून लालसर धार लागली आणि फरशीवर पसरली.

"कुंकू जास्तच झालं वाटतं," कुसुमताई म्हणाल्या.

त्यांनी हार पुढं केला. हिंमतरावांनी एक टोक डावीकडच्या वायपरला बांधलं. उजवीकडे हात नेला. तिथला वायपर कालच पत्र्यासकट हातात आला होता. ते टोक मुठीत धरून तिथंच उभे राहिले.

"भावजी, हार काढू नका हं," कुसुमताई ताम्हन आवरत म्हणाल्या. "आपोआप गळू दे."

"नाही काढत, वहिनी."

"चला हो, रिक्षा थांबलीये."

"तू हो पुढं," हिंमतराव म्हणाले. त्यांनी टोक सोडलं नाही.